चिमटाईची घळ

१९३४ सालच्या एप्रिलात पिंपळीच्या एका चारीवरचे पाणी चोरीला गेले. ते कोणी चोरले हे ठरवण्यासाठी चार माणसे एका बैलगाडीतून सुप्याकडच्या डोंगराला निघाली. चोर त्या गाडीतच होता, पण ज्याच्यावर आळ होता तो चोर नव्हता. गाडीत हे फक्त एकाला माहीत होते. त्याचे नाव रामहरी.

कालव्यातून चारीत पाणी सोडायचे काम सरकारी पाटकऱ्याचे. चारीत आलेले पाणी अकरा शेतकऱ्यांनी आपसात कसे वाटून घ्यायचे, हे मात्र त्यांचे त्यांनी बघायचे. पाळी बारा दिवसांनी येई. कोणाच्या शेतात पाणी कधी शिरायचे आणि कधी तोडायचे, हे सावळाराम सांगे. कुठे लिहिलेले काही नव्हते. सावळाराम चारीच्या कडेला उभा राहून म्हणे, "आता तुझं," आणि पाणी त्या शेतात वळे. नऊ वर्षे हे चालले होते आणि नऊ वर्षांत एकानेही त्याला "असं कसं?" म्हणून विचारले नव्हते.

रामहरी त्याचा मेव्हणा. सावळारामची बायको कौसल्या ही रामहरीची थोरली बहीण. रामहरी मूळचा सुप्याच्या पलीकडचा, डोंगरालगतच्या कोरडवाहू मुलखातला. पाच वर्षांपूर्वी तिकडे ओळीने दोन वर्षे पाऊस हुकला, तेव्हा सावळारामने त्याला पिंपळीला आणले आणि आपल्या शेताला लागून असलेली चार बिघे जमीन वाट्याने मिळवून दिली. तिथे रामहरीने मोसंबीची साठ कलमे लावली. त्या चैत्रात कलमांची पाने वळायला लागली. त्याच्या पाळीला अजून चार दिवस होते.

पाणी चोरीला गेले त्या दिवशी माळेगावात लग्न होते. पाळी रावजीची होती. रावजीने नुकतीच उसाची लागण केलेली. बेणे जमिनीत पडून पाच दिवस झाले होते आणि पाणी मिळाले नसते तर कांड्यांचे डोळे करपले असते. पण रावजी नवरदेवाचा मामा. मामाशिवाय नवरदेव बोहल्यावर चढत नाही. म्हणून त्याने पाणी सावळारामच्या हवाली केले. "दाजी, तुमी हाय म्हणून मी जातो," असे म्हणून तो गाडीत बसला. नाते काही नव्हते. चारीवरचे सगळेच सावळारामला दाजी म्हणत.

रामहरीही लग्नाला गेला होता. पंगत बसायच्या आधी पोटात कळ आल्याचे सांगून तो उठला आणि दीड तासात पायी परत आला. उन्हे डोक्यावर होती. सावळाराम लिंबाखाली तोंडावर उपरणे टाकून झोपलेला. रामहरीने पाटाचा बांध फोडला, साठही आळी भरून घेतली आणि वर पाचट सारखे केले, म्हणजे ओल दिसू नये. त्याला फार तर तास-दीड तास लागला. बांध परत घालताना माती कमी पडली, तेव्हा तरवडाच्या चार फांद्या मोडून आत कोंबल्या आणि वर चिखल थापला. मग तो माळेगावच्या वाटेला लागला आणि वऱ्हाडाच्या परतणाऱ्या गाडीत, रावजीशेजारीच, चढून बसला. बाभळीखाली पडून होतो, म्हणाला. रावजीने त्याला खायला कळीचे दोन लाडू दिले.

त्याने घातलेला बांध टिकला नाही. पाणी पुन्हा फुटले, ते या वेळी उताराने शेजारच्या सावळारामच्या उसात गेले आणि जाग येईपर्यंत जातच राहिले. रावजी शेतावर पोचला तेव्हा त्याची लागण कोरडी ठणठणीत होती, सावळारामच्या उसात घोटाभर पाणी होते आणि सावळारामचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते.

अकरा जण गेणबा तात्यांच्या ओट्यावर जमले. तात्या सगळ्यांत वडील. सावळाराम म्हणाला, "मी पानी फोडलं न्हाय. माझा डोळा लागला होता."

"नऊ वर्सांत डोळा लागला न्हाय," रावजी म्हणाला, "माझ्याच पाळीला लागला व्हय? आन् स्वप्नात चिखल कालवत हुता का?"

चारीवरचा ठराव जुना होता. पाणी चोरणाऱ्याने आपल्या दोन पाळ्या ज्याचे नुकसान झाले त्याला द्यायच्या. दोन पाळ्या गेल्या तर वैशाखात ऊस अर्धा जळतो. पण सावळारामला त्याचे काही वाटत असल्याचे दिसत नव्हते. तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यांतला एकेक जण खाली बघत होता.

तेव्हा रामहरी बोलला. "आमच्या गावाकडं चिमटाई हाय. तिच्या घळीत खऱ्या-खोट्याचा निवाडा व्हतो."

चिमटाईचे नाव सगळ्यांनी ऐकले होते. डोंगराच्या घळीत वर एक भुयार आहे. खरे बोलून आत शिरलेला माणूस पलीकडे निघतो आणि खोटे बोललेल्याला मधल्या चिमट्यात कातळ धरून ठेवतो, एवढे तिकडची माणसे बाजारात सांगत. रामहरीला त्याहून जास्त माहीत होते. त्याचे लहानपण त्या घळीत गेले होते. चिमट्यात डावा खांदा आधी खाली घातला, श्वास सोडला आणि उजवा हात पुढे केला की कोणीही सुटतो. दोन्ही खांदे सरळ ठेवून गेले तर रुंद अंगाचा माणूस अडकतो. यात देवी आईचा काही हात नव्हता. दाजींना खांद्याची खूण सांगायची, ते पार होतील, आळ जाईल आणि आपल्याला काही बोलावे लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

"बरं सुचवलंस," तात्या म्हणाले. सावळारामने मेव्हण्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती रामहरीला त्यानंतर कित्येक दिवस नको वाटत होती. त्या नजरेत आभार होते.

कौसल्येने चौघांना पुरतील एवढ्या भाकरी, ठेचा आणि कांदे बांधून दिले. मुक्काम सुप्याच्या धर्मशाळेत झाला. सकाळी गाडी तिथेच सोडून चौघे डोंगराकडे चालू लागले. माळावर हिवराची आणि तरवडाची झुडपे, मधूनच उधळणारी हरणे, आणि तात्यांसाठी प्रत्येक चढाला एक थांबा. रामहरी मुद्दाम सावळारामबरोबर मागे राहिला.

"दाजी, मधी चिमटा येतो. तितं डावा खांदा आधी खाली घाला. आन् दम सोडा."

सावळाराम चालता चालता थांबला. "का?"

"तुमी अंगानं थोर हाय."

"खरं बोलणाऱ्याला खांदा वाकडा करावा लागतो का?"

"तसं न्हाय, पर..."

"मग नको सांगू. मी सरळ जाईन." आणि थोडे चालल्यावर, हसून, "तुझ्या गावची देवी हाय, म्हणून तिची कुलपं तुला ठावं व्हय? शानाच हायस."

घळ बाहेरून दिसत नाही. दोन टेकड्यांच्या मध्ये एक फट दिसते, तिच्यात शिरले की दोन्ही अंगांचे कातळ जवळ येऊ लागतात आणि शे-सव्वाशे पावलांवर दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. आकाश वर पट्टीसारखे राहते. पायाखाली पावसाळ्यातल्या ओढ्याचे गोटे. शेवटी दोन पुरुष उंचीची सरळ उभी पायरी येते. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी पडते आणि एरवी ती चढायला शिडी लागते.

शिडी रंगूबाईची. तिथल्या गुरवाची ही म्हातारी विधवा पायथ्याच्या खोपटात राही. बाभळीची ती सतरा पायऱ्यांची शिडी तिच्याखेरीज कोणी लावायची नाही आणि वर माणूस असेपर्यंत तिने बुंधा सोडायचा नाही, अशी रीत होती. तिने रामहरीला ओळखले.

"सोनबाचा पोरगा न्हवं का तू? किती वाळलास! पाटाचं पानी पिऊन मानसं फुगत्यात म्हनं."

"बरा हाय मावशी."

"साक्षीला कोन?"

साक्षीदार सोयरा लागतो. भाऊबंद एक तर आंधळी माया करतात नाही तर आंधळे वैर, सोयरा मधला. त्याने आरोपीच्या आधी भुयारात शिरायचे, पुढे जाऊन थांबायचे, आणि मागचा माणूस कसा आला ते पंचांना सांगायचे. त्याला वेगळी शपथ नसते. "बघंन ते सांगंन," एवढेच त्याने म्हणायचे.

"मी," रामहरी म्हणाला.

रंगूबाईने शिडी लावली आणि बुंध्यावर बसली. आधी रावजी, मग तात्या, मग दोघे सोयरे चढले. वर चार माणसे दाटीने बसतील एवढा सपाट कातळ होता आणि त्याच्या आतल्या अंगाला भुयाराचे तोंड, वाकून शिरावे एवढे. भुयार वीस-बावीस हात लांब. पलीकडे वरून उघडी, विहिरीसारखी जागा आहे आणि तिथे शेंदूर लावलेला देवीचा दगडी तांदळा.

रामहरी म्हणाला, "बघंन ते सांगंन," आणि शिरला. त्याच्या मनात होते की आपल्यालाच धरेल. हे सगळे खांद्याचे आहे हे माहीत असूनही त्याला तसे वाटले. पण चिमट्यात डावा खांदा आपोआप खाली गेला, आणि तो पलीकडे निघाला. त्याला घाम फुटला होता, पण तो अडकला नव्हता.

मागून सावळारामचा आवाज आला, पंचांना ऐकू जाईल असा. "मी रावजीचं पानी फोडलं न्हाय. खोटं असंल तर आईनं मला हितंच धरावं."

मग त्याच्या घसटण्याचा आवाज. मग आवाज थांबला.

रामहरी परत आत वळला आणि पोटावर सरकत पुढे गेला. त्याचा हात सावळारामच्या पागोट्याला लागला.

"दाजी?"

"धरलंय," सावळाराम म्हणाला. घाबरलेला नव्हता, चकित झालेला होता. "रामहरी, मला धरलंय रं."

"डावा खांदा खाली घाला."

"गप. मला आठवू दे."

"काय आठवायचं?"

"काय चुकलं ते. मी खोटं बोललो असनार. त्याबिगर कसं धरंल?"

अंधारात त्याचा श्वास ऐकू येत होता, जोराने आत घेतलेला आणि त्यामुळेच कातळाला आणखी घट्ट बसणारा. रामहरीच्या तोंडात वाक्य तयार होते. 'दाजी, ते मी फोडलं.' चार शब्द होते. चिमट्याच्या पलीकडे बसलेल्या दोघांना ते ऐकूही गेले नसते.

"थांब," सावळाराम म्हणाला. "म्हैस."

"काय?"

"त्या दिशी झोपायच्या आधी म्हशीला पानी दावलं. पाटाचा बांध जरा फोडला, म्हैस प्याली, आन् पायानं माती वडली. हातानं न्हाय, पायानं. तितूनच फुटलं असनार. मीच फोडलं की रं. आन् वर धा जनांसमोर छाती काढून सांगितलं..."

सावळारामने ज्या जागी म्हशीला पाणी दाखवले ती जागा रामहरीने त्या दुपारी पाहिली होती. तिथला बांध शाबूत होता. त्याने फोडला तो तिथून दोन हात पुढे; संध्याकाळपर्यंत ते भगदाड त्या जागेलाही खाऊन गेले होते.

रामहरीने तोंड उघडले आणि म्हणाला, "दाजी, डावा खांदा खाली घाला. दम सोडा."

या वेळी सावळारामने ऐकले. बोलून झाल्यावर त्याच्या अंगातले काही तरी सैल पडले होते. खांदा खाली गेला, श्वास सुटला आणि तो सरकला. उघड्या जागेत येऊन त्याने तांदळ्याला हात जोडले, बराच वेळ. त्याच्या उजव्या दंडाची साल निघाली होती. परत जाताना चिमटा आला तेव्हा त्याने स्वतःच विचारले, "कुठला म्हनलास? डावा न्हवं का?"

बाहेर कातळावर रामहरी काही सांगायच्या आतच तो बोलला. धरले, असे म्हणाला. म्हशीचे सांगितले. शेवटी म्हणाला, "तात्या, मी खोटं बोललो. मला ठावं नव्हतं, पर बोललो. रावजी, दोन पाळ्या तुझ्या. आन् पाळीचं काम आता दुसऱ्या कुनाला द्या."

रावजीला हवे होते ते मिळाले होते, पण त्याला ते नीट घेता येईना. तो पायाने कातळावरची वाळू सारखी करत राहिला. "तसं आधीच सांगितलं असतंत तर एवढं चालायचं वाचलं असतं, दाजी," एवढेच म्हणाला.

तात्यांनी रामहरीला विचारले, "साक्षी, तू बघितलं ते सांग."

"धरलं व्हतं," रामहरी म्हणाला. आणि मग, "पर पानी त्यांनी न्हाय फोडलं. मी फोडलं."

तो सांगत गेला. लग्नातून जेवणाआधी उठलो. भर दुपारी आलो. साठ आळी भरली, वर पाचट टाकले.

"लेका, परतीच्या गाडीत तू माझ्या मांडीला मांडी लावून बसला व्हतास," रावजी म्हणाला. "माझे लाडू खाल्लेस."

"वाटेत चढलो मी. बाभळीखाली व्हतो ते खोटं."

"बहिनीचं घर राखतोय," रावजी तात्यांना म्हणाला. "सोयरा म्हनून घेतला, तर हा सख्ख्याच्या वर निघाला. चांगलं हाय, पर हितं न्हाय चालायचं."

"बांधात तरवडाच्या फांद्या घातल्या व्हत्या मी! चार फांद्या. माती कमी पडली म्हनून."

सावळारामने मान वर केली. संध्याकाळी बांध दुरुस्त करताना त्याने त्या फांद्या उपसून काढल्या होत्या आणि या कोठून आल्या म्हणून नवल केले होते.

"ते त्यांनीच तुला सांगितलं असंल," रावजी म्हणाला.

"मी ह्याला सांगितलं न्हाय," सावळाराम म्हणाला.

तात्यांनी त्याच्याकडे पाहिले. रागाने नव्हे. "सावळाराम, आता तुझ्या शब्दावर कसं जायचं, तूच सांग."

रामहरीला वाटले, आपण सावळारामच्या तोंडावर चिखल थापला असता तरी बरे झाले असते.

"मग मी जातो आत," रामहरी म्हणाला. "आरोपी म्हनून जातो. मला धरलं तर माझं खरं माना."

तात्यांना ते रीतीचे वाटले. रामहरी तोंडाशी बसला आणि मोठ्याने म्हणाला, "रावजीचं पानी मी फोडलं न्हाय. खोटं असंल तर आईनं मला हितंच धरावं." इतके स्वच्छ खोटे तो जन्मात बोलला नव्हता.

चिमट्यात त्याने दोन्ही खांदे सरळ ठेवले. छाती फुगवली. कातळ अंगाला लागला, पण त्याने धरले नाही. पाच वर्षे पाटाचे पाणी पिऊनही तो वाळलेलाच राहिला होता. त्याने कोपरे बाहेर काढली, गुडघा आडवा घातला, आणि ओरडला, "धरलं! तात्या, धरलं!"

थोड्या वेळाने मागून रावजी सरकत आला. त्याने अंधारात रामहरीची कंबर चाचपली, मग दोन्ही बाजूंची फट.

"माझा सगळा पंजा जातोय की हितनं," रावजी म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "ऊठ बाबा. देवीसमोर सोंग करू नगं. तुझी माया कळली सगळ्यांना."

खालून रंगूबाईने विचारले, काय झाले म्हणून. रावजीने बाहेर येऊन सांगितले. म्हातारी हसली. "त्याला कशानं धरंल? न्हानपनी दिसातनं दहादा जायचा. एकदा माझी कोंबडी घेऊन गेलता." हे तिने वर बसलेल्या तिघांना ऐकू जाईल असे सांगितले, आणि तात्या-रावजींनी त्याचा अर्थ लहानपणापासून निर्मळ असलेला माणूस, असाच घेतला.

उतरताना सावळाराम आणि रामहरी शेवटी राहिले. तात्या शिडीवर एकेक पायरी चाचपत होते, त्यामुळे वेळ होता.

"तरवड तू घातलास," सावळाराम म्हणाला.

"व्हय."

"मी आत अडकलो व्हतो, तवा हे तुझ्या तोंडात व्हतं?"

"व्हतं."

"मग डावा खांदा कशाला सांगितलास?"

खालून तात्यांनी, या आता, म्हणून हाक दिली. सावळाराम शिडीवर उतरला आणि तीन पायऱ्या खाली गेल्यावर थांबून म्हणाला, "मोसंबी जगली का?"

"जगली."

त्याने मान हलवली आणि उतरला.

परतीच्या वाटेवर तात्यांनी गाडीत बोलणे काढले. पाळीचे काम कोणी तरी बघायला हवे. ज्याला आईने एकाच दिवशी दोनदा मोकळे सोडले, त्याच्याइतका माणूस कोण मिळणार? रावजीची हरकत नव्हती. रामहरी म्हणाला, "माझ्याच्यानं व्हायचं न्हाय." तात्यांना ते उत्तर फार आवडले. ज्याला नको असते त्यालाच द्यावे, असे त्यांचे मत होते. रामहरीने आपल्या दोन पाळ्या रावजीला देऊ केल्या, तेव्हा रावजी जवळजवळ चिडला. "मेव्हण्यासाठी मरशील काय रं? त्यांच्या त्यांना भरू दे की." सावळाराम गाडीच्या मागच्या कडेला पाय सोडून बसला होता. दंडाला बांधलेले फडके रक्ताने वाळून कडक झाले होते.

पिंपळी जवळ आली तेव्हा तो एवढेच म्हणाला, "तुझ्या बहिनीला तू सांग. मी न्हाय सांगायचो."

अंगणात कौसल्या शेंगा फोडत बसली होती. तिने आधी नवऱ्याच्या दंडाकडे पाहिले, मग तोंडाकडे. त्याने बैल सोडले आणि त्यांना घेऊन हौदाकडे गेला. रामहरी ओट्याच्या खाली उभा राहिला.

"धरलं व्हय त्यांना?" तिने विचारले.

"धरलं."

"त्यांनी फोडलं व्हतं पानी?"

"न्हाय. मी फोडलं, आक्का."

तिचे हात थांबले. त्याने सगळे सांगितले. मधले काही गाळले नाही. भुयारातले चार शब्द आणि त्यांच्या जागी आपण काय बोललो, तेही सांगितले. सांगताना त्याला वाटत होते की आता हीही म्हणेल, कशाला खोटे बोलतोस, आमच्यासाठी. तसे ती म्हणाली असती तर कदाचित त्याला आता बरे वाटले असते.

"पंचांना सांगितलंस?"

"सांगितलं. कुनीबी मानलं न्हाय."

कौसल्येने सूप बाजूला ठेवले. मांडीवरची टरफले झटकली आणि उठली. हौदापाशी सावळाराम एका हाताने बैलाच्या पाठीवर पाणी मारत होता. तिने त्याच्याकडे पाहिले.

"मी मानते," ती म्हणाली, आणि आत गेली. दर वेळी म्हणते तसे, जेवून जा, असे तिने म्हटले नाही.